साबण लावला आणि हळद लाल झाली

मेडशीला माझी आत्या राहते. अकोल्याहून वाशिमकडे निघालं की पातूर मागं पडतं, घाट चढून वर आलं की हे गाव लागतं; पुढं मालेगाव, मग वाशिम. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 161 आहे. त्याच्या कडेला आत्याच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे आमच्या दादाचं, वॉशिंग सेंटर आहे. एक रॅम्प, पाण्याचा प्रेशर पंप, एक व्हॅक्यूम आणि पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं लावलेले कॅन. आत्याचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. तिनं उभा जन्म आधी नदीवर, मग विहिरीवर, मग नळावर कपडे धुतले. डाग या विषयावर मायलेकांचं पटत नाही. गेल्या लग्नसराईत माझ्या गाडीच्या निमित्तानं त्यांचा वाद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. तो इथं मांडतो आहे, कारण गाडी असणाऱ्या प्रत्येक घराला त्यातलं बरंच काही उपयोगी पडेल. आत्या वऱ्हाडी बोलते, हळदीला हयद म्हणते; तिचं बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.

लग्न आत्याच्या धाकट्या नातवाचं होतं. हळद लागल्यावर नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं होतं, त्यासाठी माझी गाडी. परत आल्यावर पाहिलं तर मागच्या सीटच्या फिकट करड्या कापडावर पाठीएवढा पिवळा ठसा, आणि बसायच्या जागेवर दोन तळहात उमटलेले. मी घाईघाईनं बादलीत कपड्याची पावडर कालवली, फडका बुडवला आणि जोर लावून चोळलं. पिवळा ठसा डोळ्यांदेखत विटकरी झाला, मग कुंकवासारखा लाल. हातातला फडकाही लाल. मी घाबरून दादाला हाक मारली. त्याच्या आधी आत्या आली.

आत्या : थांब! हात काढ त्याच्यावरून. हयदीले साबन लावते का कोनी?

मी : मग काय लावायचं आत्या? डाग ताजा होता, म्हटलं लगेच काढावा.

आत्या : लगेच टिपायचा असते. चोळायचा नसते. अन् कुकू कसं करतेत ते पाह्यलं नाई काय तू? हयदीले चुना लागला की ते लाल होते. तुह्या पावडरनं तेच केलं.

दादा : माय, लाल झाली तर होऊ दे. मी फोम मारतो, ब्रश फिरवतो, व्हॅक्यूमनं ओढून घेतो. अर्ध्या तासात गाडी मोकळी.

आत्या : तुह्या मशीननं माती निंगन. हा रंग हाय बापू. रंगाले ब्रश मारला तर तो आत जाईन.

दादानं हसून मान हलवली, तेव्हा आत्यानं माझ्या खिशातला पांढरा रुमाल मागितला. त्यावर ओल्या हळदीचं बोट टेकवलं. पिवळ्या ठिपक्याच्या अर्ध्या भागाला कपड्याच्या साबणाची वडी घासली. तेवढा अर्धा भाग लाल झाला. मग लाल भागावर लिंबाचे दोन थेंब पिळले. लाल पुन्हा पिवळं झालं. दादा वाकून बघत राहिला. इतकी वर्षं गाड्या धुतल्या, पण त्यानं हे कधी करून पाहिलं नव्हतं.

यामागचं कारण सोपं आहे. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन या द्रव्याचा. ते आंबट पाण्यात पिवळं राहतं आणि सोड्याच्या पाण्यात तांबडं होतं. कपड्याची पावडर, कपड्याची वडी, भांड्याची वडी, धुण्याचा सोडा हे सगळे या दुसऱ्या जातीचे. म्हणून साबणानं डाग वाढल्यासारखा दिसतो. तो कायमचा झालेला नसतो, पण घाबरलेला माणूस आणखी पावडर, आणखी पाणी, आणखी जोर लावतो आणि खरं नुकसान तिथं होतं. दुसरी गोष्ट, कुरकुमिन साध्या पाण्यात विरघळतच नाही. तेलात विरघळतं, स्पिरिटमध्ये विरघळतं. बादलीभर पाणी ओतलं तरी रंग जागचा हलत नाही, फक्त सीट भिजते.

आत्या : आता आण लिंबू. वाटीभर पान्यात अर्धं पिळ, गाळून घे. मंग सारं सीट त्यानं भिजवून काढू, वरून दोन बादल्या पानी मारू, अन् गाडी उन्हात उभी करू.

इथं दादा आडवा आला, आणि बरं झालं आला.

दादा : दोन बादल्या? माय, तू कपडे धुतलेस. कपड्याले दोन्हीकडून वारा लागते, पिळता येते, दोरीवर टाकता येते. हे कपडा नाही, हे शिवून टाकलेली गादी हाय. वरचं कापड पॉलिएस्टरचं, त्याच्या पाठीला पातळ स्पंज चिकटवलेला, त्याखाली हातभर जाड फोम. वरून तांब्याभर पाणी टाकलं की ते खाली जाऊन बसते. वरून हात लावला तर सुकलं वाटते, आत ओलंच.

आत्या : मे महिन्याचं ऊन हाय. सुकन.

दादा : मेमध्ये सुकेल. जुलैत कोण सुकवेल? पावसाळ्यात अशी भिजलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा दार उघडलं की कुबट वास. सीट उचलली की खाली बुरशी. मग सीट सोडवून बाहेर काढावी लागते. अन् डाग परत वर येते, ते वेगळंच.

डाग परत वर येतो, हे मला नवीन होतं. दादानं सांगितलं की सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या सीटवरचा चहाचा डाग त्यानं भरपूर पाणी मारून काढला. गाडी स्वच्छ दिसली, पैसे मिळाले. तिसऱ्या दिवशी माणूस परत. डाग होता त्याच जागी, उलट मोठा, आणि भोवती तपकिरी कड. चहा वरून निघाला होता, पण पाण्याबरोबर फोममध्ये उतरला होता. मग वरचं कापड सुकायला लागलं तसं खालचं पाणी वर ओढलं गेलं, समईची वात तेल ओढते तसं, आणि येताना चहाचा रंग घेऊन आलं. पाणी उडून गेलं, रंग कापडावर राहिला.

आत्या यावर बराच वेळ काही बोलली नाही. वातीचं उदाहरण तिला पटलं असावं.

आत्या : मंग तू पंपाचं पानी आत कायले मारते?

दादा : मारत होतो. आता नाही मारत. एकदा मारलं अन् गाडीचा एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना.

त्यानं मला माझ्याच गाडीच्या पुढच्या सीटखाली टॉर्च मारून दाखवलं. रुळांच्या मधून वायरींचा एक जुडगा जातो, आणि त्यात पिवळ्या आवरणाची एक जोडणी आहे. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरींचा. ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग असतात त्यांच्या सीटच्या पाठीच्या कडेला तसं लेबल शिवलेलं असतं, आणि ती पिशवी त्या कापडाच्या आतच घडी करून ठेवलेली असते. आपल्याकडं 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. चालकानं किंवा शेजारच्यानं पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटीही त्याच दिवसापासून. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आहे हे गाडीला कळतं, कारण तशी कळ सीटच्या पोटात असते. घोंगडी धुवावी तशी ही सीट धुता येत नाही. दादाचं हे म्हणणं मला पूर्ण पटलं, आणि पाण्याच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूचा आहे.

छत तर त्याहून नाजूक. छताचं कापड पातळ स्पंजासकट पुठ्ठ्यासारख्या पाटीवर डिंकानं चिकटवलेलं असतं. त्यावर पाणी किंवा द्रावण मुरलं की डिंक सुटतो आणि कापड पोळीसारखं फुगून खाली लोंबतं. माझ्या आधीच्या गाडीचं असं झालं होतं, दुसऱ्या एका ठिकाणी धुवायला दिली तेव्हा. ते कापड पुन्हा कधी नीट बसलं नाही. छताला फक्त पिळून घेतलेला ओलसर फडका, तोही हलक्या हातानं.

आणि सीटचा पट्टा. त्यावर डाग पडला तर लोक ब्लीच लावतात. पट्ट्याच्या धाग्यांवर अपघातात माणसाचा जीव तोललेला असतो. ब्लीच आणि तिखट रसायनं ते धागे कमजोर करतात. सौम्य साबणाचं कोमट पाणी, फडका, आणि पट्टा पुरता ओढून ठेवून सावलीत सुकवायचा. ओला पट्टा गुंडाळीत परत जाऊ द्यायचा नाही.

आत्या : बरं, पानी नाई. मंग घासलेट? माह्या सासऱ्याच्या धोतराचं वंगन म्या घासलेटनंच काढलं.

दादा : माय, नको! गाडीत घासलेट नको, पेट्रोल नको, थिनर नको.

दादाचा आवाज या वाक्याला चढला होता. बंद गाडीत या वाफा कोंडून राहतात. उन्हात उभी गाडी आतून किती तापते ते आपण स्टिअरिंगला हात लावल्यावर जाणतोच. त्यात कोणी काडी ओढली किंवा एखादी वायर ठिणगी टाकून गेली तर पळायलाही वेळ मिळत नाही. वंगणाचा डाग उरतो आणि गाडी जाते. थिनर तर स्पंज आणि प्लास्टिकही खातो. वंगणाला किंवा तेलाला आधी कोरडं काहीतरी भुरभुरायचं, बेसन, मक्याचं पीठ, टाल्कम पावडर, आणि तासभर तसंच ठेवून व्हॅक्यूम मारायचा. बरंचसं तेल ते पीठच ओढून घेतं.

आत्या : एक गोष्ट तुयी बरोबर हाय. म्या एकडाव मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली अन् वरून ॲसिड ओतलं. असा ठसका लागला का बाहीर येऊन पडली.

ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. मोरीला निदान खिडकी असते. गाडीत वाकून डाग घासणाऱ्या माणसाचं तोंड त्या डागापासून हातभर अंतरावर असतं. दोन बाटल्या एकावर एक ओतू नका, मग त्या कोणत्याही असोत.

आता वाद खऱ्या मुद्द्यावर आला. दादाकडं आयसोप्रोपिल स्पिरिट होतं. हळद स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा पांढऱ्या कापडाला थोडं लावून टिपत गेलं तर रंग कापडावर येईल, असं त्याचं म्हणणं. आत्याला स्पिरिटवर भरवसा नव्हता. तिनं सकाळीच रिठे भिजत घातले होते, लग्नातल्या रेशमी साड्यांसाठी.

आत्या : रिठ्यानं हयद लाल होत नाई. साबनानं होते. पैठनी कायनं धुतेत? रिठ्यानं.

दादा : रिठ्याचं पाणी तपकिरी असते माय. फिकट सीटवर त्याचाच डाग पडला तर?

आत्या : मंग तुह्या स्पिरिटनं सीटचाच रंग उडाला तर?

दोघंही बरोबर होते. रिठ्याच्या पाण्यात सोडा नसतो, ते किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून हळद त्यात लाल होत नाही. आणि कोणतंही द्रावण सीटचा मूळ रंग उचलू शकतं, हेही खरं. शेवटी दादानं मागच्या सीटच्या तळाशी, जिथं कोणाची नजर जात नाही अशा शिवणीजवळ, एका बाजूला स्पिरिटचा आणि दुसऱ्या बाजूला रिठ्याच्या फेसाचा बोटाएवढा ठिपका लावला. आम्ही जेवायला गेलो. जेवून आल्यावर पाहिलं, दोन्ही सुकले होते. स्पिरिटच्या जागी काही फरक नव्हता, रिठ्याच्या जागीही नव्हता. ओलं असताना कापडाचा रंग कळत नाही, म्हणून सुकेपर्यंत थांबायचं. हे दादानं मला दोनदा सांगितलं.

मग दोघांनी मिळून काम केलं, भांडत भांडत. दादानं पावडरचा अंश काढायला साध्या पाण्यात पिळलेला फडका चार वेळा फिरवला. आत्यानं लिंबाचं गाळलेलं पाणी फडक्यानं टिपलं, ओतलं नाही. लाल ठसा हळूहळू पिवळ्यावर आला. चारी दारं उघडी, जवळ कोणी बिडी ओढणारा नाही हे पाहून दादानं स्पिरिट घेतलं. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत गेला. प्रत्येक वेळी फडक्याची कोरी बाजू. फडका पिवळा होत गेला तसा ठसा फिका होत गेला. मग आत्यानं रिठ्याचं पाणी घुसळून फक्त वरचा फेस घेतला, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सारखा पसरवला, म्हणजे मध्येच ओलाव्याची कड उमटत नाही. ओल्या फडक्यानं पुसून, कोरडा टॉवेल अंथरून ती त्यावर बसली. म्हणाली, ‘माह्या वजनाचा काही तं उपेग होऊ दे.’ टॉवेलात ओल उतरली. दादानं वर टेबलफॅन लावला.

तरीही फिकट पिवळी छटा राहिलीच.

दादा : अजून एक हात स्पिरिटचा मारतो.

आत्या : आता हात लावू नोको. बाकीचं ऊन करन.

दादा : उन्हानं सीटच विटेल.

आत्या : सीट तं वर्साचे बारा महिने उन्हातच उभी हाय. ते विटली का? हयद विटते. हयदीचं लुगडं म्या कदी उन्हात वायवलं नाई, अन् हयदीचा डाग कदी सावलीत वायवला नाई.

हे वाक्य ऐकून मी आत्याकडं पाहतच राहिलो. गाडीच्या सीटचं कापड काचेतून येणाऱ्या उन्हात वर्षानुवर्षं टिकावं म्हणूनच रंगवलेलं असतं. कुरकुमिन तसं नाही. प्रकाशानं ते तुटत जातं, आणि काचेआडच्या उन्हानंही तुटतं. ऊन दोघांवर सारखंच पडतं, सीट टिकते आणि हळद जाते. दादालाही तेव्हा आठवलं की लग्नसराईत भाड्यानं फिरणाऱ्या गाड्यांच्या सीटवरची हळद आठवड्याभरात आपोआप फिकी पडलेली असायची. तो म्हणाला, इतके दिवस त्याचं श्रेय मी माझ्या फोमला देत होतो.

अशा घरातल्या ज्ञानाला आपण ‘जुनं’ म्हणून बाजूला सारतो. याच हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, भारतात हे आधीपासून माहीत होतं याचे लेखी पुरावे मांडले, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आत्याच्या डोक्यातलं डागांचं शास्त्र कुठं लिहिलेलं नाही. म्हणून ते तिच्याकडून विचारून घ्यायला हवं, आणि दादासारख्या गाडीच्या पोटात काय आहे ते जाणणाऱ्या माणसासमोर ठेवायला हवं.

त्या दुपारी बाकीच्या डागांचीही चर्चा झाली. घाटात पोरांना मळमळतं, त्यामुळं पातूरकडून आलेल्या गाड्यांत ओकारीचे डाग दादाकडं नेहमीचे. घट्ट भाग कागदानं उचलायचा, मग थंड पाण्याचा फडका. गरम पाणी अजिबात नको. रक्ताचं आणि दुधाचंही तेच. त्यात प्रथिनं असतात आणि उष्णतेनं ती कापडात घट्ट बसतात, उकडलेल्या अंड्यासारखी. दूध सगळ्यात वाईट, कारण डाग दिसत नाही आणि वास चार दिवसांनी येतो. तर्री सांडली तर तेलही आहे आणि हळदही. आधी पीठ, मग स्पिरिट, आणि साबण मुळीच नाही. वावरातून आलेल्या बुटांची काळी माती ओली असताना पुसू नये. तिचे कण फार बारीक, पाण्यानं फुगतात आणि चोळलं की धाग्यात रुतून बसतात. ती वाळू द्यावी, मग ब्रशनं झटकावी आणि व्हॅक्यूम मारावा. यावर मायलेकांचा पहिल्यांदा एकमतानं होकार आला.

वेळेच्या मुद्द्यावर मात्र ते शेवटपर्यंत अडले. दादा म्हणतो, महामार्गावरचं गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत थांबतं, त्याला तीन दिवस ऊन सांगून चालत नाही. मला त्याची अडचण समजते. पण त्याला घाई करायला लावणारे आपण आहोत. अर्ध्या तासात डाग गेलाच पाहिजे असा आपला हट्ट असतो, म्हणून तो जादा पाणी आणि जादा तिखट द्रावण मारतो, आणि फोम कुजतो तो आपल्या गाडीचा.

माझी गाडी आत्याच्या अंगणात तीन दिवस पश्चिमेकडं तोंड करून उभी राहिली, काचा दोन बोटं खाली. चौथ्या दिवशी मी अकोल्याला परतलो तेव्हा सीटवर ठसा नव्हता; फक्त शिवणीच्या पांढऱ्या दोऱ्यात पिवळी झाक होती, तीही पुढच्या महिन्यात गेली.

लग्नाला गाडी देणार असाल तर नवरदेव बसण्याआधी सीटवर जुनी जाड चादर अंथरा. तरीही हळद लागलीच तर कोरड्या पांढऱ्या फडक्यानं टिपा, डागावर ऊन पडेल अशी गाडी उभी करा, आणि साबण घरातच ठेवा.